गोविंदमामांचं तुळशीपान

पडद्यावर कुणी मरायला टेकलं की गोविंदमामा सिनेमाच्या तंबूत उठून उभे राहत. एका हातात पाण्याचा गडू, दुसऱ्यात तुळशीचं पान. खरोखर मेल्यासारखा मरेल तो उत्तम नट, आणि त्याच्याच तोंडी पान ठेवायचं, अशी त्यांची परीक्षा. मी चुडाव्याला मास्तर म्हणून आलो तेव्हा मामा स्टेशनवर गाड्यांचे रूळ बदलणारे सांधेवाले होते आणि तो मान अजून कुणालाच मिळाला नव्हता.

निजामी नुकतीच संपली होती. पूर्णेला तंबू लागे, त्यात जुनेपुराणे बोलपट येत. त्या काळच्या नटांना नवी नवी वाचा फुटलेली, त्यामुळे गोळी लागल्यावरही ते लांबलचक भाषण ठोकत. मामा खेकसत, "मरायलाय का सभा घ्यायलाय?" आणि पान खिशात घालून खाली बसत. एका गाजलेल्या नटाला तर त्यांनी दोनदा नापास केलं. "लय गुणाचा हाय, पण डोळे जित्ते हायेत!"

गावात कुणी अंथरूण धरलं की मामा उशाशी जाऊन टक लावून बसत. त्यांना दारात पाहूनच आजारी माणूस धडपडत उठे. आम्ही हसायचो खरे, पण दिवेलागणीला त्यांच्या घरावरून जायला मीही भीत असे. आत मामा एकटेच दाराकडे तोंड करून पडलेले, डोळे उघडे, पापणी हलत नसे.

एकदा तंबूत पडद्यावर एक साधीशी नटी मेली. बोलली काही नाही. नुसती दाराकडे बघत राहिली आणि बघता बघता तिचे डोळे विझले.

मामा पडद्यापाशी गेले. गडूतलं पाणी त्यांनी तिच्या ओठांवर ओतलं आणि ओलं पान तिथंच चिकटवलं. पुढे लग्नाचा देखावा आला, नवरीच्या तोंडावरही ते पान काळं दिसत होतं. तंबूत कुणी हसलं नाही.

परतताना मी विचारलं, "मामा, हीच का उत्तम?"

मामा म्हणाले, "आमची मंडळी गेली तवा मी परभणीला पहिला बोलपट बघायला गेल्तो, मास्तर. शेवटपर्यंत दाराकडं बघत व्हती म्हणतेत. कशी बघत व्हती, ते कुणाला सांगता येईना."

त्यांनी रिकामा गडू छातीशी धरला होता.

"आज दिसलं. पाणी बी पाजलं."