वहिनींचे पडदे आणि फुकटची वेबसाइट

फुकट हा शब्द कानावर पडला की भाऊजींच्या अंगात बळ येतं. त्यामुळे लॉजच्या मॅनेजरने वहिनींना फोनवर सांगितलं, "तुमचं काम आधी वेबसाइटवर बघतो, अकराला बसतो," तेव्हा भाऊजींनी चहाचा कप बाजूला सारून बाह्या सरसावल्या.

"वहिनी, तुम्ही शिवण बघा. वेबसाइट माझ्याकडे लागली. एक पैसा लागणार नाही."

वहिनी घरीच पडदे शिवायच्या. आजवर शेजारपाजारचे शिवले, फार तर एका दवाखान्याचे. लॉजच्या चोवीस खोल्यांचं काम मिळालं, तर दुसरं मशीन घेता येणार होतं आणि मदतीला एक बाईही ठेवता येणार होती.

भाऊजींनी फुकट वेबसाइट देणाऱ्या एका कंपनीत खातं उघडायला घेतलं. पासवर्ड तीनदा 'कमकुवत' ठरला, ते त्यांनी मनाला लावून घेतलं. अटी एकोणीस पानांच्या होत्या, त्या अंगठ्याने सर्रकन वर ढकलल्या. शेवटी प्रश्न आला, 'तुमच्या पानावर कोणत्या विषयाच्या जाहिराती दाखवू?'

"आपला विषय पडदे. त्यात विचारायचं काय?" असं म्हणत त्यांनी 'घराची सजावट' यावर खूण केली.

साडेदहाला वेबसाइट तयार! भाऊजींनी त्याच झोकात मॅनेजरला लिंक धाडली आणि वहिनींना हाक मारली. निळ्या रेशमी पडद्याचा फोटो झकास आला होता. त्याच्या डोक्यावर ठळक अक्षरं होती, 'शिवत कशाला बसता? तयार पडदे आजच घरपोच!'

"भाऊजी, हे कोणाचं दुकान मांडलंत?"

"काढतो, काढतो."

पण फुकटच्या खात्यात जाहिरात काढता येत नव्हती. विषय तेवढा बदलता येत होता, तोही दिवसातून एकदाच. उरले होते तीन विषय: कर्ज, लग्न जुळवणं आणि घराची स्वच्छता. स्वच्छतेने आजवर कोणाचं वाईट झालंय? भाऊजींनी बटण दाबलं.

अकराला पाच कमी असताना पानावर एक गलेलठ्ठ ढेकूण उगवला आणि रेशमी पडद्यावरून रमतगमत चालू लागला. खाली लिहिलं होतं, 'तुमच्या पडद्यांत कोण राहतं?'

वहिनी मटकन खुर्चीत बसल्या. "एवढी वर्षं डोळे फोडून शिवते मी, आणि माझ्या पडद्यांत ढेकूण? लिंक पाठवू नका हं."

भाऊजी छताकडे बघू लागले. वहिनींना काय ते कळलं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. मॅनेजरचा आवाज एकदम खाली आला होता.

"बाई, खरं सांगा. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"काय?"

"हेच, आमच्या खोल्यांमधलं. ढेकणांचं."

वहिनींनी स्क्रीनकडे पाहिलं आणि पदर सारखा करून ताठ बसल्या. "साहेब, पडद्यांच्या धंद्यात असं कळतंच."

"कुठे बोलू नका. चोवीसच्या चोवीस खोल्या तुम्हीच करा. फक्त जुने पडदे उतरवून मापं घ्यायला आजच माणूस पाठवा."

फोन ठेवला तेव्हा वहिनींच्या डोळ्यांत पाणी होतं. भाऊजींची छाती मात्र फुगली होती. "बघा, सकाळीच म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतंत," म्हणत वहिनींनी मापाची टेप त्यांच्या गळ्यात अडकवली. "रिक्षा बोलावलीय. आणि परत आलात की कपडे दाराबाहेरच उतरवा, तसेच आत येऊ नका."