ह्यांचं प्रस्थान

आमच्या ह्यांचं प्रस्थान शनिवारी सकाळी शेजारी कमळाताईंकडे ठेवलं, आणि सोमवारी ते नॉर्वेला पोहोचून नदीत उभं राहिलं. हे मात्र अजून कऱ्हाडातच होते, आमच्या बैठकीच्या खोलीत, चादर गुंडाळून बसलेले.

प्रस्थान म्हणजे काय ते हल्लीच्या मुलांना माहीत नसतं, म्हणून सांगते. प्रवासाचा दिवस चांगला नसेल, तर त्याआधीच्या एखाद्या चांगल्या मुहूर्तावर जाणाऱ्याची एखादी वस्तू शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवायची. सोबत मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड. वस्तू उंबऱ्याबाहेर पडली की माणूस निघाला असं धरायचं. मग तो प्रत्यक्षात केव्हा का निघेना, जाताना ती उचलायची आणि पुढे व्हायचं. ह्यांचं विमान बुधवारचं होतं. बुधवारी उत्तरेला दिशाशूल, म्हणजे त्या बाजूला निघणं अशुभ, आणि नॉर्वे तर उत्तरेच्याही पलीकडे. सासूबाई असत्या तर त्यांनी विमानच बदलायला लावलं असतं. मी प्रस्थानावर भागवलं.

हे म्हणजे अच्युत आठल्ये, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. जन्मभर धरणांचं पाणी मोजलं, पण त्यात कधी पाय बुडवला नाही. निवृत्तीनंतर डोक्यात शिरलं की खोट्या माशीनं मासे पकडायचे, आणि तेही नॉर्वेच्या नदीत. आमच्या घरात मासा शिजत नाही. मी म्हटलं, "अहो, पकडून करणार काय त्याचं?"

"सोडून द्यायचा. तिथला नियमच आहे. हात ओले करायचे, अलगद धरायचा, ओठातला काटा काढायचा आणि पाण्यात सोडायचा."

"मग त्या बिचाऱ्याला उठवायचं तरी कशाला?"

हौसेला मोल नसतं म्हणतात, पण आमच्या हौसेची पावती कपाटात आहे. लांबलचक दांडी आली, रीळ आलं, छातीपर्यंत येणारी रबरी विजार आली. तिला बूट खालीच चिकटवलेले, त्यामुळे ती भिंतीला टेकवली की आपली आपण उभी राहायची. मला बाई ती आवडायची नाही. केर काढताना उगाच वाटायचं, कुणीतरी बघतंय.

रोज सकाळी गच्चीवर सराव चालायचा. दोर हवेत मागे-पुढे झुलवायचा आणि अलगद टाकायचा. एकदा तो कमळाताईंच्या वाळत घातलेल्या परकरात अडकला, तेव्हा दोन्ही घरांचं बोलणं आठवडाभर बंद होतं. दुपारी हे माश्या बांधायचे. इवलासा काटा, त्याला पीस, केस, दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी. केस स्वतःचे, न्हाव्याकडून पुडीत बांधून आणलेले. दोरा माझ्या हिरव्या इरकलीच्या पदराचा, मला न विचारता उसवलेला.

"ह्या रंगाला कुठलाही मासा नाही म्हणणार नाही," हे म्हणाले.

"माशाचं जाऊ दे, माझी साडी गेली," मी म्हटलं. पण कौतुकही वाटलं. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला हीच साडी नेसले होते, तर हे जेवता जेवता थांबले होते.

आता प्रस्थानाचं. रीतीप्रमाणे एक रुमाल ठेवला असता तरी चाललं असतं. पण माझा स्वभाव आडवा. म्हटलं, ह्या माणसाची पलंगभर पसरलेली तयारी एकदाची घराबाहेर तरी जाईल. दांडी, रीळ, माश्यांची डबी, विजार, जाकीट, टोपी, चष्मा, औषधं. मग कपाट उघडलं आणि सदरे, पायजमे, लोकरीचे मोजे, सगळं बांधलं. हे आंघोळीला गेले होते, म्हणून बाहेर काढून ठेवलेले कपडेही त्यातच गेले. मी विजार कमळाताईंच्या कोचाशेजारी उभी केली, वर जाकीट चढवलं, त्यावर टोपी ठेवली, खिशात तांदूळ आणि सुपारी घातली. छान दिसत होतं.

रविवारी सकाळी कमळाताई आल्या. "नलू, अच्युतराव गेले गं."

"हे आत आहेत," मी म्हटलं.

"आतले नव्हेत. माझ्याकडचे. उठून बघते तर दाराशी उभे. चहा विचारला, तर टोपी हलवून नको म्हणाले. हातावर दही घातलं. येतो म्हणाले आणि रस्त्याला लागले."

"अहो, मग अडवायचं की नाही?"

"प्रवासाला निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत," कमळाताई म्हणाल्या, आणि ते बरोबरच होतं.

सोमवारी फोन आला. नदीकाठच्या मुक्कामघराचा हेन्रिक नावाचा माणूस होता. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, त्यामुळे बोलण्याची अडचण नव्हती. मिस्टर आठल्ये सुखरूप पोहोचले, कमी बोलतात, दांडी फार सुरेख चालवतात, असं तो म्हणाला. जेवायला काय द्यायचं तेवढं विचारत होता.

"दहीभात," मी म्हटलं. "आणि गार पाण्यात फार वेळ उभं राहू देऊ नका. गुडघे दुखतात त्यांचे."

तिकीट बुधवारचं होतं, मग ते कसे गेले, असं मी कमळाताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, प्रस्थानाला मुहूर्त लागतो, तिकीट लागत नाही.

हे चादरीत बसून सगळं ऐकत होते. चेहरा इतका पडला की मला भडभडून आलं. किती वर्षांची इच्छा! "पाणी स्वच्छ आहे का गं तिथलं? तळ दिसतो का?" एवढंच विचारलं. मग म्हणाले, "मी बुधवारी जातोच. नेसायला काहीतरी आणून दे."

पासपोर्ट जाकिटाच्या खिशात गेला होता. पण खरी गोष्ट कमळाताईंनी सांगितली. मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाल्या, "प्रस्थानात सगळं ठेवलंस? मागे काहीच नाही?"

"एक मोजासुद्धा नाही."

"काय म्हणावं तुला! हात दाखवून अवलक्षण. अगं, जाणाऱ्याचं काहीतरी घरात राहू द्यायचं असतं. त्याच्या ओढीनं तर माणूस परत येतो. आता ते कशासाठी येणार?"

मी बैठकीच्या खोलीकडे पाहिलं. "हे आहेत की मागे."

"तेवढेच आहेत. म्हणजे ह्यांना उंबरा ओलांडू देऊ नकोस. हेही गेले, तर तिकडच्यांना इकडे यायचं काही कारणच उरत नाही. मग हेही नाहीत आणि तेही नाहीत. बस एकटी."

मी दाराला कडी घातली. बुधवारचं विमान ह्यांच्याशिवाय गेलं. हे माझ्याशी बोलेनासे झाले, आणि मी ते सोसलं.

गुरुवारपासून ओढ सुरू झाली. हे पोहे खात होते. घास तोंडात असताना उठले आणि दाराकडे निघाले. मान पुढे, खालचा ओठ त्याहून पुढे. मी चादर धरली.

"कुठे निघालात?"

"समोर काहीतरी हिरवं चमकतंय गं," हे म्हणाले. "तुझ्या पदरासारखं."

मी पदराची आणि चादरीची गाठ मारली, लग्नात मारतात तशी घट्ट, आणि दिवसभर तशीच वावरले. हे अधूनमधून उठायचे, गाठीला हिसका बसायचा, पुन्हा बसायचे. पाणी फार प्यायला लागले. अंग गार लागायचं. बादलीत पाय सोडून न्हाणीघरात बसले की तेवढंच बरं वाटायचं त्यांना. तिथे त्यांच्याकडे बघताना लक्षात आलं, पापणी लववायची विसरले होते.

संध्याकाळी हेन्रिकचा फोन आला. मिस्टर आठल्ये इतर माशांकडे बघतसुद्धा नाहीत, म्हणाला. पलीकडच्या काठाला खडकाखाली एक म्हातारा मासा आहे, त्याच्याच मागे आहेत. "मासा वर येतो, माशीकडे बघतो आणि फिरतो. जणू कुणीतरी त्याला मागून धरून ठेवलंय. असा मासा मी पाहिला नाही. तुम्हाला ह्यातलं काही कळतं का?"

"त्यांना कोबी आवडत नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला. दुसरं काय सांगणार?

शनिवारी दूध उतू गेलं. गॅस बंद करायला म्हणून मी क्षणभर गाठ सोडली. एवढंच. परत आले तर हे दाराशी, कडी काढलेली, आणि ओठाच्या कोपऱ्यात ती माशी. काटा आत रुतलेला, हिरवा दोरा चमकत होता. दोर कुठे दिसत नव्हता, पण मान ताणली गेली होती आणि पाय फरशीवरून घसरत चालले होते. मी कमरेला मिठी मारली. "अहो, नका जाऊ! तुमच्याशिवाय मी काय करू?" असं जन्मात पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाले. आरडाओरडा ऐकून कमळाताई धावत आल्या आणि मागच्या दारानं शिरून त्यांनी मला मागून धरलं. हे मध्येच सैल व्हायचे, मध्येच उसळायचे. एक पाय उंबऱ्याबाहेर गेला. आणि एकदम ताण सुटला. आम्ही तिघंही मागे पडलो.

फोन वाजला. हेन्रिक हळहळत होता. अगदी काठाशी आणला होता, हात ओले केले होते, आणि दोर तुटला. काटा ओठात घेऊन मासा निसटला. "मिस्टर आठल्यांनी लगेच सामान आवरलं," तो म्हणाला. "घरी काहीतरी राहिलंय म्हणाले."

कमळाताईंनी देवापुढे साखर ठेवली.

ते रिक्षातून उतरले तेव्हा मी दारात तयार होते. भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकलं. विजारीतून पाणी ठिबकत होतं, पण टोपीखाली आता चेहरा होता. ह्यांचाच, उन्हानं रापलेला, असा उजळ की मी कधी पाहिला नव्हता.

"आलो गं," ते म्हणाले.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. आत जाऊन त्यांनी हात धुतले. मी टॉवेल पुढे केला, तो घेतला नाही. ओल्या हातांनीच खुर्चीकडे गेले, जिथे हे बसले होते. तेव्हा मला कळलं.

त्यांनी ह्यांची हनुवटी अलगद धरली. काटा असा काढला की रक्ताचा थेंब आला नाही. माशी माझ्या तळहातावर ठेवली. मग चादर पाण्यात भिजवून ह्यांना गुंडाळलं.

"अहो, हे माझे आहेत," मी म्हटलं. "बत्तीस वर्षं मी ह्यांच्याबरोबर काढली. तुम्ही तर आठवडाभर नदीत होतात."

"नियम आहे गं," ते म्हणाले. "पकडला की सोडायचा."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी नाही म्हटलं असतं तर मी दारात आडवी पडले असते. पण हे पाण्याचंच बोलत होते. तळ दिसेल का, म्हणत होते.

आम्ही संगमाच्या घाटावर गेलो. त्यांनी ह्यांना पाण्यात धरून ठेवलं, प्रवाहाकडे तोंड करून, दम परत येईपर्यंत. हे एकदा माझ्याकडे वळले.

"येतो," म्हणाले, आणि गेले. मागून हाक मारायची नसते. मी पदर तोंडात धरला आणि नाही मारली.

घरी आल्यावर ती माशी देवघरात वाटीखाली झाकून ठेवली. तिच्यात ह्यांचे केस आहेत. ह्या खेपेला जाणाऱ्याचं काहीतरी मी मागे ठेवून घेतलं.

घरातले हे मजेत आहेत. नदीच्या गोष्टी सांगतात, कमळाताईंना दांडी चालवायला शिकवतात, माझ्याशी पूर्वीपेक्षा जास्त बोलतात. मी ऐकते, आणि मधूनच दाराकडे बघते.

परवा सकाळी चहा टाकला आणि कडी वाजली. दार उघडलं. मग आत येऊन भाकरीचा तुकडा घेतला, तांब्या भरला.

"कोण आलं गं?" ह्यांनी आतून विचारलं.

"तुम्हीच," मी म्हटलं.

"मग चहात पाणी वाढव," हे म्हणाले.