टायरेलजींचे बिरुद व ओटिसबांचा दम

श्रीशारदा प्रसन्न असो, ढोलही प्रसन्न असो. शके १९१८ धातृनाम संवत्सरी, अमेरिकाखंडी एका मुलखात, मोटारींचे कारखान्यांचे शहरी, राजश्री टायरेलजी नामे रॅपर उदयास आले. रॅप म्हणजे ढोलाचे तालावर धावते पद बोलणे, आणि आपली थोरवी आपणच गाणे. लाजेल तो रॅपर नव्हे. टायरेलजी जन्मात लाजले नव्हते. आणि त्यांचे मावसभाऊ ओटिसबा झीलकरी. चरणाचा शेवटला शब्द झीलकऱ्याने मोठ्याने उचलावा, ऐसी तेथील चाल. मग दोघांनी नाक्यानाक्यावर सामने जिंकिले, तबकड्या खपल्या, गळ्यात सोन्याच्या साखळ्या आल्या, त्यांतील एक तर बैल बांधावा ऐसी, तेच त्यांचे बिरुद, आणि दातही सोन्याने मढविले, तेणेकरून मक्याचे कणीस मात्र कायमचे सुटले.

मग कारभारी लेनर्डपंत कानास लागले की, "महाराज, मेहनत आपली, आणि हा इसम एक शब्द ओरडून अर्धी टाळी खातो." हरभऱ्याच्या झाडावर चढण्यास खाशांस शिडी लागत नसे. ओटिसबांस म्हणाले, "ओट्या, आता माझा मी बोलेन." ओटिसबा म्हणाले, "बोल बाबा. घाई मात्र करू नकोस," आणि टोपी उचलोन चालते जाहले. आम्हांस हे फार वाईट वाटले. मग राजधानीत बिरुदाचा सामना ठरला. समोर दक्षिणेचा तरणा गडी, आणि अट ऐसी की, जो मध्ये थांबेल त्याने बिरुद उतरून द्यावे. टायरेलजींनी तोफखाना सोडिला आणि चार चरणांत छातीतील हवा सरली! भाऊ शब्द उचली तेवढ्यात आपण श्वास घेत होतो, हे खाशांस आज कळले. तोंड जांभळे जाहले, ढोल थांबेना, आणि "मी एकटा वाघ, मला कोणाची गरज" येथवर येऊन चरण अडकला. गडी हसो लागला. तोंच मागील बाकावरून, तिकीट काढून बसलेले ओटिसबा गरजले, "नाही!"

सभा खदखदली. टायरेलजी त्या मुलखीचे लाजलेले पहिले रॅपर जाहले. परंतु तेवढ्यात दम घेतला, आणि मग पुढचा प्रत्येक शब्द मागल्या बाकाने उचलिला, शेवटी तरणा गडीच मध्ये थांबला, आणि फत्ते जाहली. बिरुद भावाचे गळ्यात घालू गेले, तों ओटिसबा म्हणाले, "जड आहे रे. तूच घाल, मला ओरडायचे असते."

एवंच, बिरुद टायरेलजींकडे राहिले, दम ओटिसबांकडे, आणि लेनर्डपंत दुसरे घर पाहावयास गेले. जाहले ते लिहिले. अधिक बोलणे रॅपरांस शोभते, आम्हांस नाही.