ठामरावांचं थंडगार कार्ड

नवा कॉम्प्युटर तयार आणायचा नाही, सुटे भाग आणून घरीच जोडायचा, असं ठामरावांनी एका सकाळी दात घासता घासता ठरवलं. (तोंडात फेस होता, त्यामुळे बायकोला विरोध करता आला नाही. काय ठरलंय हेच तिला कळलं नाही.)

ठामराव हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. एकदा ते चुकीच्या बसमध्ये चढले. दुसऱ्याच थांब्याला चूक कळली. पण कंडक्टरला विचारतो कोण? गडी ताठ मानेनं शेवटच्या थांब्यापर्यंत गेला आणि घरी येऊन म्हणाला, "हवा छान आहे तिकडची." तेव्हापासून ते नोकरीला आहेत त्या फरशांच्या गोदामातले सगळे कारकून त्यांना ठामराव म्हणतात. त्यांनाही ते नाव आवडतं. टोमणा कळायला माणूस जरा मऊ लागतो.

कॉम्प्युटर खरं तर लागत होता बायकोला. ती एका सुतारासाठी चित्रं काढायची. सुतारानं फळीला करवत लावण्याआधी गिऱ्हाइकाला त्याचं कपाट, त्याचा ओटा पडद्यावर फिरवून फिरवून दाखवायचा, हे तिचं काम. आजवर सुटं कपाट, सुटं टेबल असलं किरकोळ मिळायचं. यंदा पहिल्यांदाच अख्ख्या घराचं काम आलं आणि नेमका जुना कॉम्प्युटर धूर सोडून गार झाला. सुतारानं निक्षून सांगितलं होतं, "ताई, सोमवारी सकाळी चित्रं हातात हवीत. नाहीतर गिऱ्हाईक दुसरीकडं जाईल, आणि त्याच्या मागोमाग मी पण."

हे ऐकून साडू म्हणाले, "तयार मशीन घ्या, मी ओळखीनं आणून देतो." साडू कॉम्प्युटरच्या ऑफिसात होते. (करत काय होते ते माहीत नाही, पण गळ्यात पट्टा होता.)

"नको. मी स्वतः जोडणार. आणि त्यात विंडोज नाही, फुकटातलं लिनक्स घालणार," ठामराव म्हणाले.

"लिनक्स? तुम्ही? अहो, तुम्हाला मोबाइलचा अलार्म बंद करायला शेजारी लागतात!"

झालं. हे साडू बोलले नसते तर ठामराव कदाचित बधले असते. आता साक्षात ब्रह्मदेव आला असता तरी उपयोग नव्हता.

मग ठामराव अभ्यासाला बसले. इंटरनेटवर लिनक्सवाल्यांना विचारलं की कुठलं ग्राफिक्स कार्ड घेऊ, तर एकानं एक सांगितलं, दुसऱ्यानं पहिल्याला मूर्ख म्हटलं आणि पुढची दोन पानं ते दोघंच एकमेकांची अक्कल काढत राहिले. तरी ठामरावांनी त्यातून सार काढलं आणि ते बायकोला ऐकवलं.

"हे बघ, कार्ड काढतं चित्रं. पण त्याची आणि लिनक्सची भाषा वेगळी. मध्ये दुभाषा लागतो. त्याला म्हणतात ड्रायव्हर. काही कंपन्या दुभाषा नीट देतात, काही देत नाहीत. कळलं?"

"कळलं. सोमवारी चित्रं होणार का?"

"आणि मदरबोर्ड म्हणजे सासू. सगळे तिच्याच अंगाखांद्यावर. तिचं आणि कार्डाचं पटलं पाहिजे."

"मला नका सांगू पटवून घ्यायचं," बायको म्हणाली आणि आत गेली.

दुकानात ठामरावांनी बोट दाखवलं. "मदरबोर्ड हा. कार्ड ते."

"कार्ड जरा खादाड आहे हं, वीज फार खातं," दुकानदार म्हणाला. "पॉवर सप्लाय कुठला लावणार?"

"घरचाच. जुना."

"किती वॅटचा आहे?"

"आजवर तक्रार नाही त्याची."

"अहो, पण एवढं कार्ड त्याला..."

"ठरलंय आमचं."

ठरलंय म्हटल्यावर दुकानदारानं बिल फाडलं. गिऱ्हाइकाशी वाद घालून कुणाची दुकानं चालली आहेत?

घरी जोडणी झाली. कार्ड म्हणजे कार्ड कसलं, वीटच ती! खोक्यात शिरताना तिनं ठामरावांची दोन बोटं सोलली. पण मशीन सुरू झालं, लिनक्स आलं, पडदा उजळला. ठामरावांनी बायकोकडे असं पाहिलं, की जणू विजेचा शोध आत्ताच लागला. बायकोनं सुताराचं स्वयंपाकघर उघडलं आणि चित्र काढायचा हुकूम दिला. कार्डाचे पंखे भणभणले, टेबल थरथरलं आणि फट्! सगळं बंद.

"ड्रायव्हर," ठामराव शांतपणे म्हणाले.

ड्रायव्हर बदलला. फट्! जुना टाकला. फट्! सगळं लिनक्स पुसून पुन्हा घातलं. फट्! शुक्रवार असा फटफटतच गेला.

"अहो, साडूंना एक फोन करू या का? निदान कुणाला तरी विचारू या?"

"आधी माझ्या प्रेतावरून जावं लागेल!"

"सोमवारच्या आत जमेल का तेवढं?" बायकोनं विचारलं.

शनिवारी गोदामात मालाची मोजदाद होती, जाणं भाग होतं. ठामरावांनी पायात बूट घालता घालता काळ्या पडद्यावर इंटरनेटवरची हुकमाची एक लांबलचक ओळ मारली, एंटर दाबलं आणि गेले. दिवसभर फरशा चुकीच्या मोजल्या. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं, तर पडद्यावर स्वयंपाकघर झळकतंय! ओटा, कपाटं, खिडकीतून आलेलं ऊन, सगळं जागच्या जागी. खोकं बंद, चारी स्क्रू घट्ट, आणि आवाज म्हणाल तर शून्य.

"बघितलंस? जाता जाता मारलेली ओळ! तिनंच काम केलं!"

"त्याचं असं झालं..." बायकोनं तोंड उघडलं. पण तोवर ठामरावांनी साडूंना फोन लावलासुद्धा होता.

सोमवारी चित्रं गेली. गिऱ्हाईक खूश, सुतार खूश, पुढच्या घराचं कामही मिळालं. त्याच आठवड्यात बायकोच्या मोडक्या स्टुलाच्या जागी एक झुलती, फिरती, मऊ खुर्ची आली.

"ही कुठून आली गं?"

"कॉम्प्युटरच्या दुकानातून."

"दिली असेल भेट. जाणकार गिऱ्हाईक ओळखतो तो माणूस," असं म्हणून ठामराव तीत बसले, ते रविवारी साडू येईपर्यंत जवळजवळ उठलेच नाहीत.

"या साडूराव! ऐका. काय ऐकू येतंय?"

"काही नाही."

"हेच ते! तुमच्या ऑफिसातली कार्डं गिरणीसारखी घरघरतात. हात लावा खोक्याला. थंडगार! याला म्हणतात निवड."

साडूंनी हात लावला. चेहरा पडला. "कमाल आहे. आम्ही सायबालाही हेच घ्यायला सांगतो. जरा उघडून दाखवा ना."

"कशाला उघडायचं? चहा घ्या आधी," बायको घाईघाईनं म्हणाली.

"अगं, बघू दे की त्यांना! शिकतील." ठामरावांनी खुर्चीतूनच वाकून स्क्रू काढले, झाकण ओढलं आणि आत पाहिलं. साडूंनीही पाहिलं. मदरबोर्ड होता. कार्डाच्या जागी मोकळी हवा होती. थंडगार.

"चोरी!" ठामराव ओरडले.

"चोरी कसली?" बायको म्हणाली. "शनिवारी तुम्ही गेल्यावर मी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, जुन्या पॉवर सप्लायला हे कार्ड झेपत नाही. काढून ठेवा, पडद्याची वायर मदरबोर्डला लावा, तोही चित्र दाखवतो. वेळ लागेल, पण होईल. झालं की!"

"पण मग माझं कार्ड कुठंय?"

"पाठ मोडली होती माझी स्टुलावर. दुकानदारानं परत घेतलं आणि बदल्यात..." तिनं खाली बोट दाखवलं. "त्याच्यावरच बसलाय तुम्ही."

ठामरावांनी एकदा खोक्यात पाहिलं, एकदा स्वतःखाली पाहिलं. मग दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवून ते ठामपणे म्हणाले, "तरीही निवड चुकली नव्हती."

"छे, छे, उत्तम आहे," साडू वाकून म्हणाले. "हा बाजूचा खटका कसला?" आणि त्यांनी तो ओढला.

सुस्कारा टाकावा तसा आवाज झाला आणि ठामराव, मान ताठ ठेवून, सावकाश खाली खाली जात टेबलाआड दिसेनासे झाले.