गाडीत दुसरं कोणीच नव्हतं

"आपल्या गाडीच्या पुढं जाणारा माणूस नागपुरात अजून पैदा व्हाचा आहे, बाबाराव! शून्य ते शंभर, नऊ सेकंदात! तुमचा तंबाखूचा खर्रा घोटून होत नाही, तवरक गाडी दिसेनाशी!"

सक्करदऱ्याच्या तलावाकाठी, सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींसमोर मारोतराव सोनकुसरे यांनी ही घोषणा केली आणि पुढच्या सगळ्या घोटाळ्याची किल्ली फिरवली.

मारोतराव टपालखात्यात पोस्टमन म्हणून लागले आणि पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे छापलेल्या आकड्यावर त्यांची देवापेक्षा जास्त श्रद्धा. विजेची ही गाडी त्यांनी जाहिरातीतला आकडा पाहूनच घेतली होती, आणि घेतली होती पुष्पलताबाईंसाठी. जन्मभर स्कूटरच्या मागे बसलेल्या बायकोला एकदा तरी पुढच्या सीटवर बसवायचं! पण झालं असं, की गाडी दारात आली आणि त्याच आठवड्यात बाई पुण्याला गेल्या. मुलगी सोनिका बाळंत होणार होती. "दोन महिन्यात येते जी," म्हणून गेलेल्या बाई बाळाला दात आले तरी आल्या नाहीत. बाळ रांगायला लागलं, धरून उभं राहायला लागलं, पडायला लागलं. बाई तिथंच!

सुरुवातीला लोक विचारायचे, "वहिनी कवा येऊन राहिल्या?" मारोतराव सांगायचे, "पुढच्या महिन्यात." असं चारपाचदा झाल्यावर लोकांच्या चेहऱ्यावर कीव दिसायला लागली. आता, मारोतरावांना सावजीचा तिखट रस्सा सोसतो, मे महिन्याचं ऊन सोसतं, पण कीव सोसत नाही. एका सोमवारी त्यांनी सरळ ठोकून दिलं, "येऊन गेली ना! शनिवारी आली साऱ्यायले घेऊन. रविवारी रामटेक केलं, अन् रातच्या गाडीनं परत!"

मग काय! दोनतीन सोमवारांआड एक सहल निघू लागली. आज अंभोरा, उद्या खिंडसी. हे ऐकून सगळ्यात जास्त कोण खूश व्हायचं, तर बाबाराव. बाबारावांची पिठाची गिरणी होती आणि देह गव्हाच्या पोत्यासारखा होता. मन त्याहून मोठं. "मारोतराव, फॅमिलीवाला माणूस असावा तर तुमच्यासारखा गा!" असं म्हणून ते पाठीवर थाप मारायचे. ती थाप मारोतरावांना दिवसभर दुखायची.

खरं सांगायचं तर रविवारी मारोतराव गाडी फाटकातच उभी ठेवून तिच्यात बसायचे, एसी लावायचे आणि मांडीवर ताट घेऊन खिचडी खायचे. कारण एवढंच, की दार उघडलं की गाडीतली बाई गोड आवाजात 'वेलकम' म्हणायची. त्या घरात माणसाला 'या' म्हणणारं तेवढंच उरलं होतं.

तर, घोषणा झाली आणि बाबाराव म्हणाले, "चला मंग, दाखवा!"

उमरेड रोडच्या पुढं एक ले-आउट आहे. प्लॉट सगळे विकले गेलेत, पण घर एकही उठलेलं नाही. मधून लांबलचक सरळ डांबरी रस्ता, त्यावर चिटपाखरू नाही. तिथं मारोतराव, बाबाराव आणि टोळीतले आणखी तिघं दाटीवाटीनं गाडीत बसले. मागच्या सीटवर कोणाचा पाय कोणाचा, हे कळायला मार्ग नव्हता. एकानं मोबाईलवर मीटरचा व्हिडिओ सुरू केला. मारोतरावांनी पाय दाबला.

"एक... दोन... तीन..." बाबाराव मोजू लागले. नऊ आले, गेले. बारा आले, गेले. तेवढ्यात मागून एक दूधवाला मोटरसायकलवर कॅन खडखडवत आला, गाडीच्या बरोबरीनं चालला, आत डोकावून पाहिलं आणि पुढं निघून गेला!

काटा शंभरावर पोचला तेव्हा बाबाराव सोळा म्हणत होते.

"मारोतराव," मागून कोणीतरी म्हणालं, "नऊ सेकंद होते का नऊ महिने?"

गाडीत असा हशा पिकला की काचा हलल्या. मारोतरावही हसले. पण त्यांचे कान पिकलेल्या संत्र्यासारखे झाले होते.

संध्याकाळी पुण्याहून फोन आला. मागे नातवाची आरडाओरड.

"गाडी घेऊन या ना जी इकडंच," पुष्पलताबाई म्हणाल्या. "अन् येतानी माहा पाटा-वरवंटा आना. मिक्सरच्या चटणीले चवच नाही इथं. मुंगवड्या आना, लोणचं आना. घरचे तांदूळही आना."

"पाहू वं," मारोतराव म्हणाले. "गाडीचं जरा काम निघालं."

काम काही निघालं नव्हतं. पण जावयाच्या दोन खोल्या, त्यात आपण जाऊन कोणत्या कोपऱ्यात बसायचं? आणि बायकोनं घरी यायचं, की आपण तिच्यामागं जायचं? या प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत काहीतरी काम निघणं भागच होतं. आणि दुसऱ्याच दिवशी ते खरंच निघालं! मारोतरावांनी व्हिडिओसकट कंपनीकडे तक्रार ठोकली.

कंपनीकडून पियूष नावाच्या साहेबाचा फोन आला. आवाज तुपासारखा.

"काका, तुम्ही जाहिरातीतल्या नऊच्या डोक्यावरची चांदणी पाहिली नाही का? खाली टीप आहे. गाडीत फक्त चालक, सपाट रस्ता आणि तापमान पंचवीस डिग्री."

मारोतरावांनी भिंग आणलं. खरंच, नऊच्या डोक्यावर मुंगीच्या पिल्लाएवढी चांदणी होती.

"पंचवीस डिग्री?" ते गरजले. "तुमी गाडी विकली तवा नागपुरात सेहेचाळीस होतं, साहेब! तुमच्या शोरूममंदी एसी होता म्हणून तुमाले समजलं नसन!"

"पण काका, तुमच्या व्हिडिओत तर चारपाच जणांचे आवाज आहेत. आधी एकट्यानं चालवून बघा."

'गाडीत फक्त चालक' हे शब्द ऐकून मारोतराव चक्क खूश झाले. वर्षभरात पहिल्यांदा एकटं असणं कुठंतरी कामाला येत होतं! ते त्याच रस्त्यावर एकटे गेले, मोबाईल मीटरसमोर अडकवला आणि पाय दाबला. बारा सेकंद! तीनदा पाहिलं, तिन्ही वेळा बारा. व्हिडिओ रवाना.

पियूषचं उत्तर आलं: व्हिडिओत मीटर दिसतो, पण मागची सीट दिसत नाही. गाडीत इतर कोणी नव्हतं, याचा पुरावा द्यावा.

आली का पंचाईत! एकटं असल्याचा साक्षीदार आणायचा कुठून? आत बसवला, तर माणूस एकटा राहत नाही. बाहेर उभा केला, तर त्याला मीटर दिसत नाही. शेवटी ठरलं, की मीटरचा व्हिडिओ आतून मारोतराव काढतील आणि रिकाम्या गाडीचा व्हिडिओ रस्त्याच्या कडेनं बाबाराव काढतील.

गाडी बाणासारखी, म्हणजे बारा सेकंदवाल्या बाणासारखी, निघून गेली. बाबारावांनी मोठ्या अभिमानानं मोबाईल परत दिला. मारोतरावांनी पाहिलं, तर कॅमेरा उलटा! सबंध व्हिडिओभर बाबारावांच्या मिशा, त्यावर घामाचे थेंब, आणि तोंडानं, "गेली... गेली... अरे, गेली ना बापा!"

मग मात्र मारोतरावांनी ग्राहक आयोगाचं दार ठोठावलं. कागद झाले, तारखा पडल्या, उन्हाळा सरला, पाऊसही सरला. पुण्याहून फोन आला, की मारोतराव छाती काढून सांगायचे, "केस सुरू आहे वं. केस टाकून कसा येऊ?" पलीकडून बाई आधी हसायच्या. पुढंपुढं नुसतं "बरं" म्हणायला लागल्या.

हिवाळ्यात प्रकरण मध्यस्थीला आलं. नागपुरातल्या सदर भागात एका लहानशा खोलीत गोल टेबल, एका बाजूला फाईल घेऊन पियूष, दुसऱ्या बाजूला मारोतराव, आणि त्यांना बळ द्यायला कडक इस्त्रीचा सदरा घालून आलेले बाबाराव. मध्ये चष्मा लावलेल्या, शांत मध्यस्थ मॅडम.

"मारोतराव," मॅडमनी विचारलं, "एरवी तुमच्या गाडीत कोण कोण बसतं?"

मारोतरावांनी तोंड उघडलं. पण बाबाराव आधीच उभे राहिले होते.

"मी सांगतो मॅडम! देवमाणूस आहे हा! गाडीत एकटा बसतच नाही! वहिनी पुण्यावरून आल्या की बसते पुढं, पोरगी बसते मांगं, नातू बसते मांडीवर! रामटेक केलं, अंभोरा केलं, खिंडसी तं दोनदा! असा फॅमिलीवाला माणूस तुमाले नागपुरात भेटणार नाही!"

पियूषचा चेहरा दिवाळीच्या पणतीसारखा उजळला. "मॅडम, हे लिहून घ्या. गाडी कायम भरलेली! मग त्या बारा सेकंदांच्या वेळी मागं फॅमिली नव्हती कशावरून?"

"मारोतराव?" मॅडम म्हणाल्या.

मारोतरावांनी बाबारावांकडे पाहिलं. बाबाराव विजयी मुद्रेनं मान डोलवत होते. नऊचा आकडा, चांदणी, दूधवाला, सगळं मारोतरावांच्या डोळ्यांपुढून एकदा फिरून गेलं.

"नाही मॅडम," ते म्हणाले. "गाडीत दुसरं कोणीच नव्हतं. त्या दिवशी नव्हतं... अन् कोणत्याच दिवशी नव्हतं."

"काहून खोटं बोलता गा?" बाबाराव दचकले. "रामटेक?"

"नाही गेलो."

"अंभोऱ्याले नावेत नातू रडला, सांगतलं होतं ना तुमी!"

"नाही रडला, बाबाराव. त्यानं नागपूरच पाहिलं नाही अजून."

बाबाराव खाली बसले. खुर्ची करकरली. पियूषनं उगाच पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"खिंडसी पन?" बाबारावांनी हळूच विचारलं.

"खिंडसी पन."

मॅडमनी चष्मा पुसला आणि दोन्ही बाजूंना विचारून ठरवलं, की सगळ्यांसमोर चाचणी घ्यायची. कंपनीचं यंत्र, थंड सकाळ आणि गाडीत फक्त चालक.

ठरल्या सकाळी त्याच रिकाम्या ले-आउटमध्ये सगळे जमले. पियूषनं चाकांची हवा तपासली, मागची सीट तपासली आणि शेवटी डिक्की उघडली.

"काका, हे काय?"

"पाटा."

"आणि हे?"

"वरवंटा."

तांदळाची दोन पोती, लोणच्याच्या बरण्या, मुंगवड्यांचे डबे! पाट्याला तर जुनं लुगडं गुंडाळलेलं, जसं काही त्याला थंडी वाजेल. पुष्पलताबाईंचा फोन आला होता, त्याच संध्याकाळी मारोतरावांनी हे सगळं भरून ठेवलं होतं.

"म्हणजे हे सारं घेऊन तुम्ही गाडी पळवत होता?" पियूष किंचाळलाच.

"कवाही निघा लागलं तर म्हणून..." मारोतराव पुटपुटले.

बाबारावांनी एकट्यानं सगळं सामान उचलून रस्त्याच्या कडेला मांडलं. मारोतराव गाडीत बसले, दार लावलं. गाडी सुटली, आणि खरंच सुटली! यंत्रानं आकडा दाखवला: साडेनऊ.

"बघा काका! जवळपास नऊच!" पियूषनं टाळी वाजवली.

"जवळपास?" मारोतरावांच्या अंगात पोस्टमन संचारला. "मी जन्मभर टपाल 'जवळपास'च्या घरी टाकलं असतं, तर चाललं असतं का साहेब?"

पियूष हसला. हसण्यावरून बोलणं वाढलं आणि बोलण्यातून तोडगा निघाला. शोरूमच्या फलकावर कंपनीनं नऊ जेवढा मोठा लिहिला आहे, तेवढ्याच मोठ्या अक्षरात खालची टीप लिहायची. झालं! सह्या झाल्या, मारोतराव जिंकले. जिंकले म्हणजे काय, तर नागपुरातल्या एका भिंतीवर 'गाडीत फक्त चालक' हे शब्द हातभर उंच रंगवले गेले.

पियूष हात मिळवून निघून गेला. मॅडमही गेल्या. त्या ओसाड रस्त्यावर उरले मारोतराव, बाबाराव आणि संसार.

"मारोतराव," पाटा उचलून पुन्हा डिक्कीत ठेवत बाबाराव म्हणाले, "मले तुमच्या सहली लई आवडत होत्या गा. एखादी खरी सांगा ना."

दुसऱ्या दिवशी मारोतराव निघाले. रस्ताभर कोणालाही मागं टाकलं नाही. ट्रॅक्टरसुद्धा पुढं जाऊ दिले. वाटेत चार्जरपाशी रांगेत उभे राहिले, मुक्काम केला, आणि तिकडे गेल्यावर केस कशी जिंकली ते कसं सांगायचं, याची मोठ्यानं तालीम करत पुण्याला पोचले.

दार पुष्पलताबाईंनीच उघडलं. खांद्यावर नातू झोपलेला. केस आणखी पांढरे झालेले.

"पुष्पा! जिंकलो वं आपण! कंपनीले म्हटलं, अर्धा सेकंद म्हणजे अर्धा..."

"हळू बोला जी! आताच डोळा लागला त्याचा." बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग फाटकातल्या गाडीकडे पाहिलं, मग पुन्हा त्यांच्याकडे. "अन् इतका उशीर काहून केला?"

"रस्त्यात चार्जरपाशी लाईन होती ना," मारोतराव कुजबुजले.

"दीड वर्ष लाईन होती?"

मारोतरावांनी मान खाली घातली, अर्ध्या काढलेल्या चपला पुन्हा पायात सरकवल्या आणि म्हणाले, "थांब, सामान आनतो."