पालकावर चहा नाही

देवरे सर माझ्या गिऱ्हाइकाच्या हातातून चहाचा कप काढून घेतात. शांतपणे. कप ओट्यावर ठेवतात आणि विचारतात, "भाजी पानात आहे हो, पण रक्तात पोहोचली का?"

बुधवाऱ्याच्या बाजारात माझं भाजीचं दुकान आहे. डोक्यावर टोपली घेऊन सुरुवात केली. आज मेसवाले, हॉटेलवाले माझ्याकडे येतात. माझं एक शास्त्र आहे: भाव बोलण्याआधी चहा पाजायचा. चहा प्यालेला माणूस रिकाम्या हातानं जात नाही. सर विज्ञानाचे निवृत्त शिक्षक, त्यांचं शास्त्र वेगळं. पालक-मेथीतलं लोह लिंबू पिळलं की अंगी लागतं, वर चहा घेतला की वाया जातं. "लिंबू म्हणजे डाकिया रे, चिठ्ठी घरपोच करतो. चहा त्याला दारातच अडवतो."

त्यांच्यामुळे माझी लिंबं खपतात, हे कबूल. पण चहाचं काय?

"सर, यांनी अजून भाजी घेतलीसुद्धा नाही!" मी ओरडतो.

"मग सवय आत्ताच मोडू दे."

गेल्या सोमवारी हद्द झाली. एक मेसवाला रोजचा पालक ठरवायला आला होता. कप ओठाला लागणार, तोच सरांनी धरला. "भाऊ, जेवून आलात?"

"हाँ, अभी अभी."

"मग ठेवा."

तो उठला, समोरच्या दुकानात गेला. तिथं चहाही प्याला आणि पालकही ठरवला.

दुपारी जेवलो आणि तणतणत लोधीपुऱ्यात सरांच्या घरी गेलो. उद्यापासून माझ्या दुकानाकडे फिरकायचं नाही, असं तोंडावर सांगितलं.

सर एकटेच मेथी निवडत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुझ्या काकूला रक्त कमी होतं. रोज पालेभाजी आणायचो, तुझ्याकडूनच. आणि ताट उचललं की चहा करून द्यायचो, तोही मीच. लाडानं. शाळेत विज्ञान शिकवत होतो रे मी."

काकूंना जाऊन तीन वर्षं झाली.

"सर, चहानं का कोणी..."

"डॉक्टरही तेच म्हणतात." त्यांनी एक काडी मोडली. "जेवून आलास?"

"हो."

"मग आत्ता चहा नाही देत. तासभर बस, मग करतो."

दुपारनंतर दुकान पुन्हा उघडायची वेळ झाली होती. मी मांडी घातली आणि मेथीची एक जुडी पुढ्यात ओढली.