चुन्याच्या एकेचाळीस फुल्या

ग्लासातलं पाणी काठापासून बरोबर तीन बोटं खाली होतं. ग्लास काचेचा, साधा. त्यावर निळ्या शाईनं ओढलेल्या सात रेघा. पहिली रेघ पाण्याच्या पातळीला, सातवी काठाला. जीपला धक्का बसला की पाणी उसळायचं, आणि ते ज्या रेघेपर्यंत चढेल तो आकडा बाईंच्या वहीत जायचा. धक्के मोजायचं महागडं यंत्र तिसऱ्याच फेरीत बंद पडलं होतं. धक्क्यांनी!

"आज संध्याकाळी पाचला मी वाट सांगणार. अगदी नक्की," बाईंनी जाहीर केलं.

"हे तुम्ही गेल्या मंगळवारीही म्हणाला होतात," जीप सुरू करत ड्रायव्हर मामा म्हणाले.

"तेव्हा पुरेशी मापं नव्हती."

"ही कितवी फेरी?"

"एकोणिसावी."

"बाई, चार फेऱ्यांत म्हैससुद्धा घरची वाट सांगते!"

बाईंनी हे वहीत लिहिलं नाही. कॅम्पवरचे लोक मागून आपल्याला 'अजून-एकदा-बाई' म्हणतात हे त्यांना माहीत होतं, आणि नाव चुकीचं आहे असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं.

टेकडीच्या माथ्यावर वेधशाळेचं बांधकाम चाललं होतं. तिथल्या दुर्बिणीचा आरसा चार माणसं आडवी झोपतील एवढा मोठा. तो घासून घासून तयार करण्यात बाईंची सात वर्षं गेली होती. आता तो लाकडी खोक्यात, स्प्रिंगांवर टेकवून, खाली कॅम्पवर बावीस टनी ट्रेलरवर उभा होता. उद्या सकाळी सातला ट्रेलर एक तर वर चढणार, नाही तर आला तसा परत जाणार. परत गेला तर पुन्हा यायला अकरा महिने. आणि चुकीच्या वाटेनं वर गेला, तर सात वर्षांच्या काचा झाडूनं गोळा करायच्या!

वाटा दोन. एक ओढ्याकाठची, गालिच्यासारखी. पाणी दुसऱ्या रेघेच्या वर जायचं नाव घेत नसे. दुसरी खडकाची. तिच्यावर बसल्या जागी स्वतःचे दात मोजता येत, आणि पाणी थेट बाईंच्या मांडीवर येई. शहाण्या माणसानं पहिल्याच दिवशी ओढा निवडला असता. वेधशाळेच्या साहेबांनी निवडलाच होता. पण सही बाईंची लागणार होती, आणि बाईंच्या डोक्यात एक खडा रुतून बसला होता.

"मामा, सगळीकडे दगड, आणि एवढीच वाट गुळगुळीत. का?"

"गुळगुळीत आहे म्हणून गुळगुळीत आहे!"

"हे उत्तर नाही झालं."

"मग प्रश्नच चुकीचा असेल. थोबाडीत मारत नाही तो रस्ता चांगला, एवढं मला कळतं."

त्या दिवशी खुणांचा रंग संपला होता, म्हणून भांडारातून चुन्याची पिशवी घेतली होती. ओढ्याच्या वाटेवर पाणी जिथे शांत राहील तिथे बाई उतरत आणि चुन्यानं एक ठसठशीत फुली काढत. ट्रेलरचं चाक इथून जावं, हा त्यांचा हिशेब. मागून मुकादम आपली माणसं आणि खोदायचं यंत्र घेऊन कडेच्या दरडी तासत येणार होता. सकाळी बाईंनी त्याच्या हातात लाल झेंड्यांचा गठ्ठा ठेवला होता.

"माझ्या प्रत्येक खुणेवर एक झेंडा. एकही खूण सुटता कामा नये."

मुकादमानं छातीवर हात ठेवला होता. "तीस वर्षांत एक खूण सोडलेली नाही, बाई!"

माथ्यावर पोचून डबा खाल्ला, आकडे तपासले. एकेचाळीस फुल्या! ओढ्याच्या बाजूनं इतका भक्कम पुरावा याआधी कधी जमला नव्हता. सव्वादोनला जीप त्याच वाटेनं खाली निघाली. बाई मनातल्या मनात 'ओढ्याची वाट' असं म्हणून बघत होत्या. शब्द तोंडात नव्या चपलेसारखे चावत होते.

पहिलंच वळण घेतलं आणि धाडकन! जीपनं नाक जमिनीत खुपसलं. सगळंच्या सगळं पाणी बाईंच्या अंगावर.

"सातवी रेघ," बाई पुटपुटल्या.

"रेघ कसली! इथे विहीर आहे!" मामा ओरडले.

विहीर नव्हती, खड्डा होता. चौकोनी, कंबरभर खोल, कडा सुरीनं कापल्यासारख्या. कडेला एक लाल झेंडा डौलात फडफडत होता. पन्नास पावलांवर यंत्र घरघरत होतं, आणि मुकादम घाम पुसत, हसत हसत पुढे येत होता.

"एकेचाळीसच्या एकेचाळीस, बाई! मोजून घ्या."

"काय एकेचाळीस?"

"खड्डे!"

"खड्डे कोणी सांगितले?"

मुकादमानं मामांकडे पाहिलं, मग बाईंकडे. "तुम्हीच ना! चुन्याची फुली मारलीत की. साइटवर चुना पडला की खोदायचं. खोली सांगितली नसेल तर कंबरभर. हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं!"

प्रयोगशाळेत फुली म्हणजे 'इथे लक्ष द्या'. अठरा फेऱ्यांत बाईंनी दगड मोजले, वळणं मोजली. चुन्याचा अर्थ मात्र कुणालाच विचारला नव्हता. त्यांनी वाटेकडे नजर टाकली. खाली ओढ्यापर्यंत लाल झेंड्यांची रांग. वाटेवरची निवडक, उत्तमोत्तम, खात्रीची प्रत्येक जागा खोदून काढलेली!

"म्हणजे... खोदायचं नव्हतं?" मुकादमाचा आवाज अचानक बारीक झाला.

"नव्हतं."

तो दगडावर बसला. तीस वर्षांची अब्रू एका दुपारी कंबरभर खोल गेली होती. मामांनी त्याला पाण्याची बाटली दिली आणि जीपखाली वाकून पाहिलं. आस वाकला होता.

"बाई, आता काय करायचं?"

बाई खड्ड्यात उतरल्या होत्या.

"बाई?"

"मामा, इकडे या. हे बघा!" आवाज वाढदिवसाची भेट उघडणाऱ्या मुलीसारखा. "वर वीतभर कोरडी माती, दुधावरच्या सायीसारखी. आणि खाली हे काय?"

"चिखल."

"ओली चिकणमाती! सगळ्या खड्ड्यांत असंच आहे?"

"सगळ्या," मुकादम कसाबसा म्हणाला. "चौतिसाव्यात तर माझं फावडं गेलं. ओढलं तरी येईना. तिथेच आहे अजून."

बाईंनी झेंड्याची काठी खड्ड्याच्या तळाला टेकवली आणि दोन बोटांनी दाबली. काठी लोण्यात जावी तशी आत गेली; कापड तेवढं वर उरलं. त्या पुढच्या खड्ड्याकडे पळाल्या. मग त्याच्या पुढच्या. सातव्या खड्ड्यातून वर आल्या तेव्हा एका पायात बूट नव्हता, आणि चेहरा उजळून निघाला होता.

"मामा, ही वाट चांगली नव्हती हो. ही गादी होती! गादीवर पाणी कशाला उसळेल? आपली जीप हलकी, म्हणून वरच्या वर तरली. ट्रेलर आला असता तर..."

"तर आरसा जमिनीखालचे तारे बघत बसला असता," मामा म्हणाले.

यंत्रानं जीप ओढून बाहेर काढली. ओढ्याची वाट तर आता चाळणी झाली होती, उरली खडकाची. वाकलेल्या आसानं जीप मुंगीच्या चालीनं निघाली. नेहमी मामा ती वाट सुसाट मारत; हळू चालवलं तर दुखणं लांबतं, असं त्यांचं म्हणणं. आज इलाज नव्हता. मुकादम बाजूनं पायी चालत होता आणि पुढे जाऊन वारंवार थांबत होता.

सवयीनं बाईंनी ग्लास पुन्हा भरला. दगड आला, गेला. पाणी पहिल्या रेघेवर डुललं. दुसरा दगड. दुसरी रेघ, जेमतेम. बाईंनी ग्लास नाकासमोर धरला.

"मामा, आणखी हळू जाता येईल?"

"आणखी हळू म्हणजे मागे, बाई!"

सहा किलोमीटरला दोन तास लागले. पाणी तिसऱ्या रेघेला एकदाही शिवलं नाही.

पाचला चार मिनिटं असताना जीप खडखडत कॅम्पवर पोचली. साहेब ट्रेलरपाशी उभे होते, गळ्यात दुर्बीण, कपाळावर आठ्या. ट्रेलरचा चालक इंजिन पुसत होता. भांडारवाला, सुतार, गवंडी, सगळे काम सोडून आलेले.

"ओढ्याकाठी एवढे झेंडे कसले? आणि खड्डे कोणी केले?"

मुकादम पुढे सरकला. "साहेब, चूक माझी..."

"थांबा," बाई म्हणाल्या.

"चाचणीसाठी मुद्दाम खोदलेत का?" साहेबांचा आवाज जरा मवाळ झाला. "तसं असेल तर मानलं पाहिजे. पण आधी सांगायचं ना, बाई!"

काय सोयीचं वाक्य होतं! नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. बाईंनी वही उघडली. विसाव्या फेरीचं पान आखून तयार होतं. मामांनी डोळे मिटून घेतले.

बाईंनी वही मिटली.

"मुद्दाम नाही, साहेब. चुना साइटवर कशासाठी टाकतात हे मला माहीत नव्हतं. एकेचाळीस खड्डे माझ्या चुकीचे आहेत. मुकादमांनी मी सांगितलं तेवढंच केलं." त्यांनी चिखलाचा पाय दुसऱ्या पायामागे लपवला, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा प्रश्नचिन्ह नसलेलं वाक्य बोलल्या. "आरसा खडकाच्या वाटेनं जाईल. उद्या सकाळी सातला. ट्रेलरच्या पुढे मी पायी चालेन, आणि त्यानं मला ओलांडायचं नाही."